वळणाचं फाटक

१२ जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद लिहितो आहे. घ्यायचे की पाकिटातच पडू द्यायचे, ते तू ठरव. त्या सभेपासून तू पत्र टाकलं नाहीस, फोनही उचलत नाहीस. मी रागावलेलो नाही. तुझ्या टेकडीचं काम सुरू झालं, एवढंच कळवायचं होतं.

‘तुझ्या’ म्हणालो, कारण सभेत माइक तूच मागून घेतलास. टेकडीच्या माथ्यावरच्या तळ्यापर्यंत चाकाच्या खुर्चीला जाता येईल अशी वाट हवी म्हणालीस. मी उभा राहून म्हणालो, टेकडी आहे तशी राहू द्या. माझ्या बहिणीचे पाय लहानपणीच गेले, पण मी तिला पाठीवर घेऊन वर नेत होतो, कुठं काय अडलं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “दादा, मला टेकडी बघायची आहे. तुझी मान नाही.” लोक हसले. टाळ्यांपेक्षा हसणं जास्त वेळ चाललं.

तू विसरलीस का गं? तू पाठीवर, तुझे हात माझ्या गळ्यात, आणि मी चालीवर कविता म्हणत चढतोय. तिसरीच्या पुस्तकातली ओढ्याची, चौथीतली एकट्या झाडाची. दम लागला की भलत्याच ठिकाणी थांबायचो, चाल मोडायची, आणि तू मागून कानाला चिमटा काढायचीस. वर तळ्याच्या काठी तुला खडकावर बसवायचो. तेव्हाच्या त्या उजेडासारखा उजेड मला पुन्हा कुठे दिसला नाही.

असो. मला एक सांग. वाटेचं हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मी रोज जाऊन बघतो. दोन खुर्च्या शेजारून जातील एवढी रुंदी धरली आहे. जिथून दोन खुर्च्या जातात तिथून एक मोटार जाते. मोटार वर गेली की मागोमाग हॉटेल जातं. कुठेतरी पाणी मुरतंय, चिंगे. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म काढला. ओळीत चूक आहेच असं धरून वाचायचं, म्हणजे ती सापडते. सूनबाई म्हणते, “बाबा, तुम्हाला पाण्याच्या पेल्यातसुद्धा कट दिसतो.” दिसतो. पेला खाली ठेवला की तळाशी गाळ बसलेलाच असतो.

दादा

६ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तर नाही. ठीक.

वाटेच्या इंजिनिअरबाईंना आज गाठलं. तरुण आहेत, डोक्यावर पिवळी टोपी, हातात पातळी बघायची लांब फळी. ती जमिनीवर ठेवतात, वाकून बघतात, मान हलवतात आणि मजुरांना सांगतात, उकरा परत.

मी विचारलं, “एवढी वळणं कशाला? सरळ वाट होती की.”

“सरळ वाटेला चढ फार आहे, आजोबा. चढ कमी करायचा तर वाट लांबवावी लागते.”

“म्हणजे खडी जास्त. म्हणजे कुणाचं तरी भलं.”

“तुमचंही. उजवा गुडघा दुखतो ना?”

मी काठी डाव्या हातात धरतो, त्यावरून ओळखलं असणार. अशी माणसं धोक्याची.

प्रत्येक चढानंतर त्यांनी एक सपाट जागा ठेवली आहे. मी म्हणालो, इथे टपऱ्या येणार वाटतं? त्या म्हणाल्या, “इथे थांबून हात विसावायचे.” मी म्हणालो, “हात?” “खुर्ची चालवणाऱ्याचे हातच दमतात, आजोबा.” हे मला माहीत नव्हतं. तुझे हात दमतात का? कधी बोलली नाहीस.

आता खरी गोष्ट. सकाळी मी फिरायला जातो तेव्हा नव्या, न दाबलेल्या खडीवर दोन बारीक रेषा उमटलेल्या दिसतात. एकमेकींच्या शेजारून चाललेल्या. वर जातात, परत खाली येतात. सपाट जागेवर गोल फिरल्याच्या खुणा. मजूर तर उशिरा येतात. मग त्यांच्याआधी येतं कोण? माझा तर्क हातगाडीचा आहे. कुणीतरी खडी पळवतंय. इंजिनिअरबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “असेल कुणी.” चोरीची बातमी ऐकून हसणारी माणसं मी आयुष्यात दोनच प्रकारची पाहिली आहेत: वेडी, नाहीतर वाटेकरी.

आणखी एक. हे कुणाला बोलू नकोस. माझा मुलगा बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. सूनबाई दवाखान्यात कामाला जाते, तशी वेळेवर निघायची. हल्ली काही सकाळी फार लवकर निघते. थर्मासमध्ये चहा भरून नेते, दोघांना पुरेल एवढा. “कुणासाठी?” म्हटलं, तर “मैत्रीण आहे एक.” नजर मात्र थर्मासच्या झाकणावर. संध्याकाळी बूट पाहिले. पिवळी धूळ. दवाखान्याच्या रस्त्यावर पिवळी धूळ नाही.

बूट होते तसे परत ठेवले. पण मनात एकेक चित्र उभं राहतं आणि ते पुसताना माझीच लाज वाटते.

दादा

२ मार्च

चिंगे,

आज मी खुशीत आहे, म्हणून तुझ्या मौनाकडे काणाडोळा करून लिहितो.

माझी शंका खरी ठरली! परवा दोन मोटारसायकली भर्रकन वाट चढून गेल्या. पहिल्या सपाट जागेवर पोरांनी गोल गोल चक्कर मारली, धूळ उडवली, आमच्याकडे बघून हात हलवले. आमच्या सकाळच्या मंडळींत एक बँकेतले निवृत्त मॅनेजर आहेत. निवृत्त झाले, पण केबिन अजून बरोबर घेऊन हिंडतात. ते म्हणाले, “तुम्ही जानेवारीपासून सांगत होतात. आम्ही हसलो.” हे ऐकायला मी किती वर्षं जगलो असेन!

दोघं मिळून वॉर्ड ऑफिसात गेलो. इंजिनिअरबाई दुसऱ्या गावच्या कामावर गेल्या होत्या, तेवढंच बरं झालं. त्या म्हणत होत्या, नुसते खांब पुरावेत, मध्ये जागा ठेवून. मी साहेबांना म्हणालो, खांबांच्या मधून मोटारसायकल जाते हो, उघड्या दारातून मांजर जावं तशी. जरा भाषणच झालं माझं. टेकडीची शांतता, पाखरं, आपलं बालपण, सगळं आलं त्यात. साहेबांनी डोळे पुसले की चष्मा, ते नीट दिसलं नाही. जुन्या बागेतून काढलेलं एक लोखंडी फाटक त्यांच्या गोदामात पडून होतं. वळणाचं. माणसानं आत शिरायचं, कठड्यांच्या मध्ये वळायचं, मग पलीकडे निघायचं. मोटारसायकलला वळताच येत नाही. दुसऱ्याच दिवशी वेल्डर आला आणि वाटेच्या तोंडाशी ते बसवून गेला.

आम्ही चाचणीही घेतली. आधी मी काठीसकट गेलो. मग उघडी छत्री घेऊन. मग मॅनेजर गेले, कारण त्यांचं पोट हेच आमचं खरं माप. पोट आत ओढून, श्वास धरून, वळून ते पलीकडे निघाले आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. “हे गेले म्हणजे जग गेलं,” असं कुणीतरी म्हणालं.

आता त्या हातगाडीवाल्याची गंमत. उद्या-परवा पहाटे जाऊन झुडपामागे बसणार आहे. बघू साहेब कोण आहेत ते.

दादा

९ मार्च

चिंगे,

मी होतो तिथे.

तू फाटकापाशी आलीस तेव्हा मी डाव्या हाताच्या झुडपामागे होतो. नीट उजाडलं नव्हतं. आधी चाकांखाली खडी चिरडल्याचा आवाज आला, म्हटलं, आला चोर. छत्री घट्ट धरली. मग सूनबाईचा निळा स्वेटर दिसला. आणि तिच्या शेजारी खुर्चीत तू, केस पार पांढरे झालेले, हातात ते बोटं उघडी ठेवणारे हातमोजे.

तू फाटकाकडे बघत राहिलीस. मग पुढची चाकं आत घातलीस. वळायला लागलीस, तर मागचं चाक कठड्याला अडलं. मागे आलीस. तिरकी घातलीस. पाय ठेवायची पट्टी लोखंडावर आदळली, आणि तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

सूनबाई म्हणाली, “थांबा आत्या, खाली दूधवाला दिसतोय, त्याला हाक मारते. दोघं मिळून उचलून पलीकडे ठेवतो.”

“मी काय कपाट आहे?”

“तसं नाही हो...”

“आज दूधवाला. तो सुट्टीवर गेला की मी टेकडीपण सुट्टीवर पाठवू?”

मग तू विचारलंस, “हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?”

ती बुटानं खडी घासत राहिली.

“दादा?”

“त्यांना त्या मोटारसायकली...”

“दादाच.” आणि तू हसलीस. मोठ्यानं नाही. सभेत लोक हसले होते तसंही नाही. मग म्हणालीस, “चहा दे. आता आलोच आहोत तर इथेच पिऊ.”

तुम्ही दोघी फाटकाकडे तोंड करून चहा प्यायलात. मग तू खुर्ची वळवलीस आणि खाली निघून गेलीस.

मी झुडपामागून बाहेर आलो नाही. छत्री चोराला मारायला आणली होती. तिचं काय करायचं ते कळेना.

पण मलाही एक विचारायचं आहे. तू इतक्या सकाळी माझ्या गावात आलीस, माझ्या दारावरून गेलीस, माझ्या सुनेच्या हातचा चहा प्यायलीस, आणि मला कळू दिलं नाहीस? असं मी तुझं काय केलं होतं?

दादा

१५ मार्च

चिंगे,

सूनबाईशी भांडण झालं. तिला मी पाहिलं होतं हे सांगावंच लागलं.

“तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत, बाबा?”

“चोरावर ठेवली होती.”

“आणि मी पहाटे कुठे जाते असं वाटलं होतं तुम्हाला?”

माझी नजर तिच्या बुटांवर गेली, आणि तेच उत्तर झालं.  मग ती म्हणाली, “बोटीवरून त्यांचा फोन आला की त्यांनाही सांगा हं, काय वाटलं होतं ते.” दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. पेला ठेवायची तोही लांबून.

तिसऱ्या दिवशी तिनंच सगळं सांगितलं. खडीचा प्रत्येक टप्पा रोलरने दाबायच्या आधी खुर्ची वापरणारी माणसं त्यावरून जाऊन बघतात: चाक कुठे रुततं, वाट कुठे कडेला कलते, कुठे हात भरून येतात. मग इंजिनिअरबाई ते दुरुस्त करतात आणि त्यानंतर रोलर फिरतो. खुर्ची वापरणाऱ्यांची एक संस्था आहे, तिची गाडी तुला पहाटे घेऊन येत होती. चिंगे, म्हणजे तू वाटेची मुद्रितं तपासत होतीस! छपाई व्हायच्या आधी. आणि मी, ज्यानं जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्यानं तुझ्या खुणांना हातगाडी म्हटलं.

“मला का नाही सांगितलंत?” म्हणून विचारलं. सूनबाई म्हणाली, “आत्याच म्हणाल्या, दादाला सांगू नकोस. कळलं तर पाठीवर घ्यायला येईल.”

माझी सत्तरी उलटली आहे. तरी आलो असतो, हे खरं.

मॅनेजरांकडे गेलो. म्हटलं, फाटक काढायला हवं.

“काढायचं? अहो, वॉर्ड ऑफिसात भाषण कुणी केलं?”

“मी केलं. खुर्ची जात नाही त्यातून.”

“कुणाची खुर्ची?”

“बहिणीची.”

त्यांनी डोळे बारीक केले, आवाज खाली आणला. “खरं सांगा. तुम्हाला कुणी भेटलं का? हॉटेलवाले वगैरे?”

माझाच प्रश्न, मीच शिकवलेला. आता सकाळची मंडळी मी आलो की विषय बदलतात. म्हातारा फिरला, काहीतरी मुरतंय म्हणतात. मला त्यांचा रागसुद्धा येत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि जास्त रंगवून.

दादा

२८ मार्च

चिंगे,

हे तुला सूनबाईकडून कळेलच, पण तिच्या सांगण्यात मी वेडा ठरेन, म्हणून आधी मी लिहितो.

इंजिनिअरबाई परतल्या. फाटक पाहून ओरडल्या नाहीत, नुसती टेप काढून रुंदी मोजली आणि टेप खिशात टाकली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वॉर्ड ऑफिस त्यांना म्हणालं, फाटक लोकांनी मागितलं, आता नको असेल तर लोकांनीच तसं सांगावं. लोक म्हणजे आमची सकाळची मंडळी. आणि त्यांच्यापुढे माझ्या शब्दाला आता काय वजन?

मी सूनबाईला दवाखान्यातली एक जुनी खुर्ची मागितली.

“नाटक करणार?”

“हो.”

“आत्यांना आवडणार नाही.”

“माहीत आहे. पण मंडळी माझं ऐकत नाहीत, आत्याला बोलावून कुणी विचारणार नाही, मग करू काय?”

रविवारी सगळे फिरायला निघतात त्या वेळी मी खुर्चीत बसून फाटकात शिरलो आणि अडकलो. अडकायला कला लागत नाही. मागे रांग लागली. मॅनेजर, दोन जोडपी, एक कुत्रेवाला, बाबागाडी घेतलेली एक बाई.

“उठा हो, जाऊ द्या लोकांना,” मॅनेजर म्हणाले.

“उठता येत नाही.”

“काल तर येत होतं!”

“आज नाही येत.”

“आजोबा, काय पोरखेळ लावलाय?” कुत्रेवाला म्हणाला. कुत्रं मात्र माझ्या मांडीवर पाय ठेवून बसलं, त्याला काही घाई नव्हती.

मला वाटलं होतं, लोक चिडतील, मग मी बोलेन. भाषण तयार होतं. पण मॅनेजर म्हणाले, “चला, उचलून पलीकडे ठेवू या,” आणि एकदम सगळ्यांचे हात आले. मला कुणी विचारलं नाही. एकानं दंड धरला, एकानं गुडघ्याखाली हात घातला, नेमक्या उजव्या. कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा गालाला घासला. खुर्ची कलली, आभाळ कललं, माझी चप्पल पडली आणि तिच्यावरून कुणीतरी चालत गेलं. सगळे हसत होते. प्रेमानं हसत होते, हे सांगायला हवं. मी ओरडलो, “ठेवा खाली! आधी खाली ठेवा!” माझा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी ठेवलं.

“एवढं काय लागलं तुम्हाला?” मॅनेजर म्हणाले. खरंच गोंधळले होते बिचारे.

भाषण विसरलो. म्हणालो, “विचारलंत का?”

मग ती बाबागाडीवाली बाई म्हणाली, “माझीपण गाडी रोज अडते. मी बाळाला काढते, गाडी मिटते, पलीकडे उघडते. मला वाटलं, सगळ्यांना हेच हवंय, म्हणून बोलले नाही.”

“मला सांगायचं ना!” मॅनेजर म्हणाले.

“तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता.”

मॅनेजरांनी पोटावरून हात फिरवला, फाटकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “मी जातो ऑफिसात. ह्यांना नको न्यायला. हे भाषण करतात.”

मंगळवारी वेल्डर आला. वेगवेगळ्या दिवशी तेच लोखंड लावायचे आणि कापायचे तो वेगवेगळे पैसे घेत असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं. विचारलं नाही. आता नुसते खांब आहेत, मध्ये मोकळी जागा. मोटारसायकली येणारच, मी अजूनही म्हणतो. मॅनेजर आणि मी आळीपाळीनं तिथे उभे राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक पोराकडे संशयानं बघतो. त्या कामाला आम्ही दोघं फार योग्य आहोत.

दादा

४ एप्रिल

चिंगे,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. “वाट मोकळी झाल्याचं कळलं. नाटकाचंही कळलं. गुरुवारी येते. वर मी एकटी जाणार आहे, तू येऊ नकोस.” खाली नाव नाही. अक्षर तेच आहे, उकाराला शेपूट जास्त.

मी ते मुद्रित वाचावं तसं वाचलं. ‘एकटी’ या शब्दावर बराच वेळ थांबलो. रागानं लिहिलंय का, ते बघत होतो. मग ध्यानात आलं की तू त्या तळ्यापाशी आजवर एकटी कधी गेलीच नाहीस. काठावर काय काय होतं ते मी सांगायचो, पाण्याचा रंगसुद्धा मीच सांगायचो, आणि कविताही मीच म्हणायचो. तुला काय दिसलं ते विचारल्याचं मला आठवत नाही. गुरुवारी मी येणार नाही. झुडपामागेही नाही.

आता एकच गोष्ट. तू माझ्या दारावरून जात होतीस आणि आत आली नाहीस, याचे मी महिनाभर अर्थ लावत होतो. राग, मग गर्व, मग सूनबाईची फूस, मग कुणी कान भरले असतील. वाट तळ्यापर्यंत पुरी झाली म्हणून काल इंजिनिअरबाईंना भेटून परत येताना मी आमचं घर रस्त्यावरून पाहिलं. दार उंचावर आहे. पुढे पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या, गुळगुळीत. दगड मी स्वतः खाणीवर जाऊन निवडून आणला होता.

मग आठवत बसलो. तू आमच्याकडे यायचीस ती नेहमी मुलगा सुट्टीवर आला की. मला वाटायचं, आत्याला भाच्याची ओढ. तो तुला खुर्चीसकट उचलून आत आणायचा, आम्ही सगळे हसायचो, तूही हसायचीस. तुझं ते हसणं मी आता पुन्हा वाचतो आहे, आणि मला ते नीट लागत नाही.

आज सकाळी इंजिनिअरबाईंना दाराशी आणून विचारलं, इथे उतार होईल का? त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, होईल, पण लांब घ्यावा लागेल, अंगण सगळं जाईल, तुमचा बाक, तुमची जाई. मी म्हणालो, जाऊ दे, उद्याच करा. मग म्हणालो, थांबा. तिला विचारल्याशिवाय नको. उतार कुठून सुरू व्हावा, मुळात हवा का, ते ती सांगेल.

तर तळ्यावरून परतताना दारासमोर थोडी थांबशील का? ह्यामागे माझा काही डाव असेल असं तुला वाटेल. वाटू दे, आपण एकाच आईची लेकरं. आत ये म्हणणार नाही. सूनबाई चहा देईल, रस्त्याच्या कडेला सावली असते. मी बाहेर येईन.

दादा